घराच्या व्यवहारात घरच्यांचा सल्ला: कोणाला, कधी आणि कुठपर्यंत (सोलापूरकरांसाठी टप्प्याटप्प्याने)

घर घेताना-विकताना आपल्याकडे एक घोळ ठरलेला. ज्याची सही लागते त्याला कोणी विचारत नाही, आणि ज्याला विचारतात त्याची सही कुठे लागत नाही. मामा प्रत्येक बैठकीला हजर, भावही तेच बोलणार आणि इसारही (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) तेच द्यायला लावणार. कागदावर त्यांचं नाव शोधून सापडत नाही. जिचं नाव उताऱ्यावर आहे ती हैदराबादला दिलेली बहीण मात्र पेढ्यांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आल्यावर विचारते, "कशाचे पेढे?"

खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. बरेच जण पाचव्यापासून सुरुवात करतात आणि अडकल्यावर पहिल्यावर येतात. तोवर इसार गेलेला असतो.

टप्पा १. आधी सहीवाले, मग सल्लावाले

एक वही घ्या. डाव्या पानावर सहीवाले, म्हणजे कायद्याने ज्यांचा हिस्सा आहे ते. उजव्या पानावर सल्लावाले. एकच माणूस दोन्हीकडे असू शकतो, पण पानं वेगळीच ठेवा.

विकणार असाल तर डावं पान आठवणीवर भरू नका. सिटी सर्व्हे कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा, काढा. हद्दवाढ भागातली किंवा शहरालगतची जागा असेल तर सातबारा आणि त्यामागचे फेरफार (नाव कधी, कशाने बदललं त्याच्या नोंदी) काढा. महापालिकेचा मिळकत कर उतारा हातात असला की लोक निर्धास्त होतात, पण तो कर कोण भरतो एवढंच सांगतो. मालकी त्यावरून ठरत नाही.

वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर हिंदू वारसा कायद्याने आई, सगळे मुलगे, सगळ्या मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, असे सगळे सारखे वारस. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला. त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. "तिला लग्नात दिलंय की" हे वाक्य कुठल्याच कलमात बसत नाही. मुस्लिम कुटुंबांत वाटे वेगळ्या नियमाने पडतात, पण मुलीचं नाव तिथेही वगळता येत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फटका खाऊन सांगतोय. साखर पेठेतलं आमचं जुनं घर विकताना आम्ही तिघं भावंडं एकमताची होतो. थोरल्या काकांनी भाव ठरवला, मी इसार घेतला. घेणाऱ्याच्या वकिलाने प्रॉपर्टी कार्ड पुढे ठेवलं तर आजोबांच्या मागे लागलेल्या वारस नोंदीत आत्याचं नाव. आत्या दोन वर्षांपूर्वी गेलेली. म्हणजे आता तिच्या चार मुलांच्या सह्या, त्यातला एक सुरतला कापडाच्या कामात. कोणाची हरकत नव्हती. पण सात महिने गेले, घेणारा कंटाळून निघून गेला आणि इसार परत देताना जे ऐकून घ्यावं लागलं ते काकांनी नाही, मी ऐकलं.

हिस्सा सोडून द्यायचा असेल तर हक्कसोडपत्र करा आणि ते नोंदवा. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केली म्हणजे हक्क सुटला, हा समज आपल्या गावात फार पक्का आहे. स्थावर मिळकतीत नोंदणीशिवाय हक्क सुटत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत ठरावीक जवळच्या नात्यांत मुद्रांक नाममात्र लागतो, त्यामुळे खर्चाचं कारण पुढे करण्यात अर्थ नाही.

तपासा:
- डाव्या पानावर १८ वर्षांखालचं कोणी आहे का? असेल तर त्याच्या वाट्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते का, हे वकिलाला आत्ताच विचारा. खरेदीखताच्या आदल्या दिवशी नव्हे.
- कोणी परदेशात आहे का? तिथे केलेलं कुलमुखत्यारपत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक भरावा लागतो. आणि लिहून देणारा माणूस वारला की त्याचं मुखत्यारपत्र साधारणपणे तिथेच संपतं.
- कागद मोडी लिपीत आहेत का? वाचणारा शोधायला वेळ लागतो. तो वेळ या टप्प्यात घाला.

टप्पा २. तीन कामं, तीन माणसं

आता उजवं पान. सल्ला घेणं चांगलंच, पण "सगळ्यांनी बघा आणि सांगा" असं म्हटलं की सगळे सगळ्यावर बोलतात. काम वाटून द्या.

कागद पाहणारा. प्रत्येक घराण्यात असा एकजण असतो: निवृत्त तलाठी, बँकेतला, नाहीतर शाळेतला हेडक्लार्क. नकला गोळा करणं, तारखा जुळवणं, वकिलाला विचारायच्या प्रश्नांची यादी करणं हे त्याचं काम. तो वकिलाच्या जागी नाही. "मी चाळीस वर्षं हेच केलंय, वकिलाला कशाला पैसे?" असं तो म्हणाला तर मान ठेवून ऐका आणि वकिलाकडे जा.

घर पाहणारी. इथे मी मुद्दाम स्त्रीलिंग वापरलं. ज्या स्वयंपाकघरात रोज उभं राहायचंय ते पाहायला मावशी-आत्या किंवा घरातलीच बाई लागते. हॉलमध्ये उभं राहून "भारी आहे" म्हणणारे पुरुष पुष्कळ पाहिले. सोबत ओळखीचा गवंडी न्या.

पैसा पाहणारा. हिशेबात पक्का आणि तोंडाने बंद. दोन्ही गुण एका माणसात नसतील तर दुसरा गुण बघा.

नावं ठरवण्याआधी प्रत्येकाबाबत स्वतःला तीन प्रश्न विचारा. या व्यवहारात त्याला दलाली किंवा दुसरा काही फायदा आहे का? त्याचं आपल्याकडे किंवा आपलं त्याच्याकडे देणं आहे का? आणि आपण त्याचं ऐकलं नाही तर तो दिवाळीला घरी येईल का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर त्याला सल्लागार करूच नका, वास्तुशांतीला पहिलं आमंत्रण द्या.

नात्यातलाच एजंट असेल तर त्याला एजंट म्हणूनच धरा. दलाली किती, कोणाकडून, कधी, हे आधी बोला. "आपल्यात कसली दलाली" असं म्हणणारा नंतर समोरच्याकडून घेतो आणि ते आपल्याला तिसऱ्याकडून कळतं.

सावधान: वास्तू बघणारं कोणी घरात असेल तर त्यांना पहिल्याच पाहणीला न्या. इसार झाल्यावर "मोरी ईशान्येला आहे" असं कोणी म्हणालं की आईची झोप उडते, आणि त्या घरात ती कधीच रमत नाही.

टप्पा ३. पैशाची बैठक, दार लावून

या बैठकीला सहीवाले आणि पैसा पाहणारा, बस्स. कागदावर एकच आकडा लिहा. घेणार असाल तर जास्तीत जास्त किती, विकणार असाल तर कमीत कमी किती. हा कागद बैठकीतल्या दोघांकडेच राहील. सोलापूर मोठं झालंय, पण नवी पेठेत सांगितलेला आकडा संध्याकाळपर्यंत जुळे सोलापुरात पोचतो.

घेताना घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, दलाली आणि पहिल्या दोन महिन्यांची दुरुस्ती धरा. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर फक्त स्त्रीच्या नावावर किंवा फक्त स्त्रियांच्या नावांवर घेतलं तर महाराष्ट्रात निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. "पोराचंही नाव लावून टाक" असा सल्ला हमखास येतो. ते नाव लागलं की सवलत गेली. शिवाय कर्ज असेल तर ज्याचं नाव मालक म्हणून, त्याला बँक बहुतेक सहकर्जदार करते. लावू नका असं मी म्हणत नाही. त्याची किंमत मोजून लावा.

नातेवाईक पैसे देत असेल तर ते उसने की भेट, हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि रक्कम बँकेतून घ्या. पाच लाख देणारे काका पाच वर्षांनी "वरच्या खोलीत माझा वाटा" म्हणाले, तर त्यांची चूक अर्धीच.

विकताना सीएला इसाराआधी भेटा. एक गफलत नेहमी होते: वडिलांच्या नावचं घर विकायचं आणि त्या पैशात मुलाच्या नावे नवं घ्यायचं. घरातल्या घरात ते एकच, पण भांडवली नफ्यावरची सवलत ज्याने विकलं त्याने घर घेतल्यावर मिळते. दुसऱ्याच्या नावाने घेतलं की ती वादात सापडते. मुदतही आहे: विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं, बांधणार असाल तर तीन वर्षं.

टप्पा ४. कागदांची फाइल

कागद पाहणाऱ्याने ही फाइल करायची आणि वकिलाने वाचायची. क्रम असा: प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, आधीची खरेदीखतं आणि त्यांचे इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश उतारा), वारस नोंदी, वाटणीपत्र-हक्कसोडपत्र, मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, पूर्णत्वाचा दाखला, कर आणि पाणीपट्टीच्या ताज्या पावत्या, वीज बिल. फ्लॅट असेल तर सोसायटीचा ना हरकत दाखला. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च घरबसल्या करता येतो. तो भाच्याला करायला लावा. पोरांना काम मिळतं आणि घोळ लवकर दिसतो.

हद्दवाढ भागात दोन प्रश्न जास्तीचे. जागा एनए (बिगरशेती) आहे का, गुंठेवारीची (गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेली) असेल तर नियमित झालीय का? आणि सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असं लिहिलंय का? असेल तर सरकारी परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

पेठेतल्या जुन्या घराला वेगळे प्रश्न. जुना भाडेकरू आहे का, त्याच्या पावत्या कोणाच्या नावाने? भिंत सामाईक आहे का? बोळातून जायचा हक्क कागदावर आहे की नुसता वहिवाटीने? ही माहिती फायलीत मिळत नाही, शेजारच्या म्हाताऱ्याकडे मिळते. तुमच्या बाजूचा वडीलधारा माणूस त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसला की अर्ध्या तासात तीन पिढ्या बाहेर येतात. वडीलधाऱ्यांचा यापेक्षा चांगला उपयोग नाही.

सावधान: "बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद चोख" हा सल्ला मोडीत काढा. बँक स्वतःच्या पैशापुरतं बघते. तुमचा वकील वेगळा ठेवा, आणि तो समोरच्या पार्टीचा वकील नसावा.

टप्पा ५. पाहणी तीनदा, वेगवेगळ्या वेळी

पहिली दुपारी तीनला, जमलं तर एप्रिल-मेमध्ये. वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या खोलीत दहा मिनिटं पंखा लावून बसा. सोलापूरचा उन्हाळा सकाळच्या पाहणीत दिसत नाही.

दुसरी पाण्याच्या दिवशी. आपल्याकडे नळ रोज येत नाही, हे सांगायला नको. घर पाहणारीने त्या दिवशी जाऊन शेजारणीला विचारावं: किती दिवसांआड येतं, किती वाजता, किती वेळ, दाब किती, मोटर लावल्याशिवाय चढतं का? हौद किती लिटरचा ते डोळ्यांनी बघावं, झाकण उघडून. आमच्या वहिनी एका घरी गेल्या तर मालक हौद पाच हजार लिटरचा सांगत होते. वहिनींनी कोपऱ्यातली बांबूची काठी आत सोडली. ओली खूण गुडघ्यापर्यंत आली, खाली सगळा गाळ. त्या काठीने आम्हाला जे सांगितलं ते कुठल्या उताऱ्यात लिहिलेलं नव्हतं. बोअर असेल तर मेमध्ये चालतो का, हाच प्रश्न विचारा.

तिसरी रात्री नऊनंतर. शेजारी यंत्रमाग असतील तर खटखट तेव्हा कळते. ज्यांचं बालपण मागाच्या आवाजात गेलं त्यांना ती ऐकूच येत नाही, म्हणून पुण्याहून आलेल्या सुनेलाही सोबत न्या.

तपासा: प्रत्येक पाहणीनंतर त्याच दिवशी वहीत लिहा, फोनवर चर्चा नको. "मी तेव्हाच म्हणालो होतो" हे वाक्य वही असली की निघत नाही.

टप्पा ६. बोलणी: तोंड एकच

भावाची बोलणी करायला दोघं जा. एक बोलेल, दुसरा ऐकेल. सात जणांची वरात नेली तर काय होतं, ते मी पाहिलंय. होटगी रोडवरचं एक घर. भाऊ चार लाख उतरवत आणत होता, मालक अर्ध्यावर आलेलाही. तेवढ्यात आमचे एक नातलग चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "आवडलंय की ओ पोरांना. दोन लाख इकडं काय, तिकडं काय!" मालक मागे टेकून बसला. त्यापुढे एक रुपया उतरला नाही.

म्हणून निघण्याआधी घरी ठरवा: बोलणारा कोण, आणि "घरी विचारून सांगतो" कोण म्हणणार. हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. निर्णय तुम्हीच घेणार असलात तरी न आलेल्या थोरल्यांचं नाव पुढे करून एक रात्र मिळवता येते. त्या बिचाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर मालकाने परस्पर फोन केला की ते म्हणतात, "मला तर काहीच माहीत नाही."

एजंटकडे एकाच माणसाचा नंबर जाऊ द्या.

टप्पा ७. इसार: इथे घाई करणाऱ्याला खोलीबाहेर ठेवा

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यात होतं, आणि बहुतेकदा चांगल्या मनाच्या माणसामुळे. "उद्यापासून पितृपक्ष लागतोय, आजच देऊन टाक." "गड्ड्याच्या जत्रेआत उरकू." मुहूर्त पाळायचा असेल तर जरूर पाळा, पण तारीख आधी काढा आणि कागद त्या तारखेच्या आठ दिवस आधी पूर्ण करा. कागद राहिले तर मुहूर्त पुढचा.

१. वकिलाचा होकार लेखी घ्या.

२. डाव्या पानावरच्या प्रत्येकाला फोन करा. तुम्ही स्वतः, मध्यस्थ नको. भाव, तारीख आणि त्याला काय मिळणार हे सांगा. होकार मेसेजवर घ्या.

३. वकील म्हणेल तशी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि मुदत संपू द्या. नात्यातला दडलेला दावा असला तर तो याच दिवसांत डोकं वर काढतो.

४. इसार पावती करा. त्यात मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, ठरलेली किंमत, दिलेली रक्कम, खरेदीखताची मुदत लिहा, आणि व्यवहार मोडला तर कोणी काय परत करायचं तेही. लिहून देणार म्हणून सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या. "सगळ्यांच्या वतीने थोरला" चालणार नाही.

५. रक्कम बँकेतून द्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, इसारही त्यात आला. रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. "थोडे रोखीत दे, शुल्क वाचेल" असा सल्ला देणारा नातेवाईक दंड भरायला येत नाही.

बिल्डरकडून नवं घर घेत असाल तर नोंदणीकृत करार झाल्याशिवाय त्याला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराचा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक भाच्याने त्यांच्या संकेतस्थळावर तपासलेला असावा.

सावधान: ज्याचा हिस्सा आहे की नाही याबद्दल थोडीही शंका आहे, त्याला साक्षीदार करून गप्प बसू नका. साक्षीदाराची सही म्हणजे "सही होताना मी पाहिली" एवढंच. अशा नातेवाइकाला दस्तात संमती देणार म्हणून घ्या. आमचे काका आयुष्यभर साक्षीदारालाच संमती समजत आले.

टप्पा ८. नोंदणीचा दिवस

मसुदा दोन दिवस आधी घरी आणा. कागद पाहणाऱ्याने नावांची अक्षरं, आधार-पॅनचे आकडे, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा मोठ्याने वाचाव्यात आणि दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून बघाव्यात. तेलुगू-कन्नड आडनावांच्या घरांत एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने असतं. ते आत्ता दुरुस्त करा.

साक्षीदार दोन, शक्यतो वयाने तरुण. मान म्हणून ऐंशीच्या आजोबांना उभं करतात, पण वीस वर्षांनी दस्तावर प्रश्न आला तर कोर्टात साक्ष द्यायला कोणीतरी हवं.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा. विकणाऱ्यांत कोणी अनिवासी असेल तर हा एक टक्क्याचा नियम त्याला लागत नाही, कपात बरीच जास्त असते. हे सीएकडून आधीच काढून ठेवा.

विकताना प्रत्येक हिस्सेदाराची रक्कम थेट त्याच्या खात्यात जावी आणि दस्तात तशी लिहिलेली असावी. सगळे पैसे थोरल्याच्या खात्यात घेऊन "नंतर वाटू" म्हटलं की ते नंतर लवकर येत नाही.

टप्पा ९. किल्ली मिळाल्यावर

ताबा पावती त्याच दिवशी घ्या. मग प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर नाव लागलंय का पाहा, महापालिकेच्या कर नोंदीत नाव बदलून घ्या, वीज आणि नळाची जोडणी नावावर करा. नोंदणी झाली म्हणजे सगळीकडे आपोआप नाव लागतं असं धरून बसू नका. ही धावपळ कागद पाहणाऱ्याकडेच द्या. त्याला एव्हाना प्रत्येक टेबलावरचा माणूस ओळखीचा झालेला असतो. सगळं झाल्यावर मूळ फाइल कोणाकडे राहील हे ठरवा, आणि तिचं स्कॅन डाव्या पानावरच्या प्रत्येकाला पाठवा, हैदराबादच्या बहिणीलाही.